भाड्याची खोली

दोब्रिलाने किल्ली दिली ती एका लाकडी माशाला अडकवलेली.
मासा एका डोळ्याचा. दुसरा, ती म्हणाली,
मागच्या वर्षीच्या पाहुण्यांच्या पोराने खाल्ला.
खोली वरच्या मजल्यावर, समुद्राच्या अंगाची,
आठ रात्रींचे पैसे आगाऊ, रोख,
आणि एकच अट: पाणी जपून.
घराच्या पोटात टाकं आहे, त्यात हिवाळ्यातला पाऊस,
तो संपला की टँकरची बोट येते
आणि ती आधी हॉटेलांकडे जाते.

मी मान डोलावली.
त्याच संध्याकाळी अंगावरचं मीठ उतरेपर्यंत
शॉवरखाली उभी राहिले, गुणगुणत.

बाकी मी तिथे काय केलं? काही नाही.
तापलेल्या गोट्यांवरून अनवाणी
मांजरीसारख्या उड्या मारत पाण्यापर्यंत.
कागदाच्या पुडीतली अंजिरं, चीक ओठांना.
दुपारी सगळं गाव खिडक्यांच्या हिरव्या फळ्या ओढून निजलं
की जागी मी, आणि कुठेतरी खोकणारी एक मोटारबोट.
पाणी इतकं नितळ
की नांगराच्या साखळीच्या कड्या मोजता याव्यात.
मोजल्या. चौऱ्याहत्तर.
दुसऱ्या दिवशी त्र्याहत्तर.

वाऱ्यांना इथे नावं आहेत.
दुपारचा मायस्त्राल, वेळेवर येणाऱ्या जावयासारखा, सभ्य.
दक्षिणेचा यूगो, तो आला की डोकी दुखतात,
आणि त्या दिवसांतली भांडणं, फ्राने म्हणतो,
नवरा-बायकोने धरून ठेवायची नाहीत.

पाचव्या रात्री यूगो आला.
झोप नाही. दोरीवरचा टॉवेल उडेल म्हणून खाली उतरले.
गॅरेजचं शटर कमरेपर्यंत वर केलेलं, आत उजेड.
वाकून पाहिलं. गाडी नव्हती.

तीन खाटा होत्या.
जाळ्यांच्या ढिगाला टेकून फ्रीज, फ्रीजवर पंखा,
फ्राने भिंतीकडे तोंड करून,
मधल्या खाटेवर नातू, रोको, पाय खाटेबाहेर आलेले,
आणि दोब्रिला जागी,
कपडे धुतलेल्या पाण्याच्या टबात पाय सोडून
उद्याच्या कुणाच्या तरी उशांचे अभ्रे घडी घालत.
तिने ओठांवर बोट ठेवलं.
पोरगं उठेल.

टॉवेल तसाच राहिला.

वर येऊन कपाट उघडलं,
पाच दिवस ज्यात नुसती बॅग कोंबत होते.
दाराच्या आतल्या अंगाला पेन्सिलीच्या आडव्या रेघा.
रोको, लिस्तोपाद. रोको, लिस्तोपाद.
सहा रेघा, सहा वर्षं, महिना एकच.
सकाळी अर्थ विचारला.
लिस्तोपाद म्हणजे ऑक्टोबर, दोब्रिला म्हणाली,
पानं गळतात तो. तोवर आम्ही वर आलेलो असतो.

म्हणजे उंच झालो हे कळायला
या मुलाला दरवर्षी
आमच्या जाण्याची वाट बघावी लागते.

उरलेले दिवस मी अर्ध्या बादलीत आंघोळ केली.
त्याने काही होत नाही, माहीत आहे मला.
शिवाय गुरुवारी बोट आलीच,
आणि सगळ्या हॉटेलांना पाणी देऊन
संध्याकाळी आमच्या गल्लीत तिचा पाइप पोहोचला,
तेव्हा फ्राने टाक्याच्या झाकणाशी उकिडवा बसून
पाण्याचा आवाज ऐकत राहिला, रेडिओ ऐकावा तसा.

निघताना मी बिछाना नीट आवरून ठेवला.
दोब्रिलाने तो लगेच उस्कटला, गादी उन्हात घालायची होती.
बाराच्या फेरीने दोघं येणार होते, लिंत्सहून.
मी विचारलं, आणि तुमची सुट्टी?
तिने हिशोब केला, बोटांवर.
शेवटचे पाहुणे गेले की वर येते,
तीन दिवस नुसती पडून असते या खोलीत.
खिडकीतून समुद्र दिसतो ना.
मग, चादर झटकताना थांबून,
जणू मलाच जास्त ठाऊक असावं:
छान दिसतो का यंदा?

रोकोने बॅग धक्क्यापर्यंत आणली.
पैसे घेईना. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला,
आशीर्वादासारखा, पण खरं तर मोजायला.
माझ्या खांद्याच्या वर दोन बोटं.
कपाटातल्या शेवटच्या रेघेहून खूप वर.

ऑगस्ट होता.
मी कुणाला सांगितलं नाही.